खावड्याचे कुंभार: रण बघायला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस इथे ठेवा

कच्छला जाणाऱ्या बहुतेकांचं सगळं लक्ष पांढऱ्या रणाकडे असतं. खावडा गाव लागतं ते काळा डुंगर या टेकडीच्या वाटेवर, चहापुरतं. आम्ही उलटं केलं. अख्खी सकाळ कुंभारांकडे काढली आणि रण संध्याकाळवर ढकललं. दुपारच्या उन्हात रणाकडे डोळे उघडून बघवत नाही, त्यामुळे काही बुडालंही नाही.

भुजपासून खावडा साधारण ७० किलोमीटर. मुंबईहून भुजला रात्रभराची रेल्वे आहे, पुढे भाड्याची गाडी करावी. धोरडो गावाजवळच्या पांढऱ्या रणात जायचं असेल तर परवाना लागतो, म्हणून मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स दोन्ही जवळ ठेवा. वाटेत भिरंडियाराला ताजा मावा मिळतो, तो चुकवू नका.

गावात हे काम करणारी घरं आता मोजकीच उरली आहेत. चाकावर घडा उभा राहताना बघायला सगळ्यांना आवडतं, मोबाइल बाहेर येतात, पण ते काम पटकन उरकतं. खरं कसब पुढे आहे. चाकावरून उतरतो तो घडा जाड आणि बुटका असतो. जरा सुकला की कुंभार आतून गोल गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी चोपण्याने ठोकत, फिरवत जातो. घड्याचं पोट फुगतं, भिंत पातळ होते. हात थांबवून तो मधूनमधून बोटांनी जाडी चाचपतो, मोजपट्टी वगैरे काही नाही.

रंगकाम बायकांकडे. आधी सगळ्या भांड्यावर गेरूचा पातळ हात. मग पांढरा आणि काळा रंग, तेही मातीचेच. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक ठेचून मऊ केलेली. मी ज्या बेनजवळ बसलो होतो त्यांनी भांडं फिरत्या पाटावर ठेवलं, डाव्या हाताने गती दिली आणि काडी फक्त टेकवली. हात जागचा हलला नाही, भांडंच फिरलं आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. अशा रेघांचे पट्टे झाले की मधल्या जागेत ठिपके, लाटा, पानं. खाली आधी काही आखलेलं नव्हतं. ही सजावट भाजण्याआधी होते, त्यामुळे आव्यात, म्हणजे भट्टीत, ती भांड्यात मुरते, वरून थापल्यासारखी राहत नाही. कच्चं आणि भाजलेलं भांडं शेजारी ठेवून दाखवा म्हणावं, रंगातला फरक तेव्हा कळतो.

पुढे धोळावीराला जाणार असाल तर तिथल्या संग्रहालयात हडप्पाकालीन लाल भांड्यांवरची काळी नक्षी जरूर बघा. गाईड लगेच ‘अखंड परंपरा’ म्हणून मोकळे होतात. तेवढी उडी मी मारणार नाही, पण खावडा आधी बघितलं असेल तर त्या खापरांसमोर जरा जास्त वेळ थांबाल.

जाण्याआधी फोन करून विचारा. सुकवणं उन्हावर असतं आणि आवा रोज लागत नाही, त्यामुळे तुम्ही जाल त्या दिवशी सगळं बघायला मिळेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पावसाळ्यात जाऊ नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तास-दोन तास त्यांचं काम अडवून बसलात तर काहीतरी विकत घ्या, आणि तिथे घासाघीस नको. वेळ नसेल तर भुजजवळ कुकमाला ‘खमीर’ संस्थेच्या आवारात कच्छच्या बऱ्याच हस्तकला एकत्र बघता येतात. घराच्या अंगणाची सर मात्र त्याला नाही.

घेताना भांडं बोटाने टिचकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. याला काचेचा मुलामा नसतो, म्हणून पाणी झिरपतं आणि थंड राहतं. लोणचं, दही फार काळ ठेवू नका. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवा, साबण लावू नका, मातीचा वास पहिली दोन-तीन पाणी ओतली की कमी होतो. परतताना भांड्याच्या पोटात कपडे कोंबा, भांड्यात भांडं घालायचंच तर मध्ये जाड कागद हवा, आणि पिशवी बर्थखाली न सरकवता उशाशी घ्या. स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर तर मुळीच नको.