डीआय पिकअपची खटखट : हाफ इंजिन करण्याआधीची तपासणी

गाडी : 2.5 लिटर डीआय (सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारी) पिकअप, चार सिलिंडर, मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. काम रत्नागिरीच्या आसपास. बंदरावरची मासळी, हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी जांभ्याचे चिरे.
तक्रार : सकाळी टकटक, भरलेल्या गाडीला चढावर खटखट.
आधी मिळालेला सल्ला : "कॉनरॉड बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करून टाका." (कॉनरॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलणे.) अंदाज चाळीस हजारांच्या पुढे.

नोंद 1 : ऐकणे (खर्च शून्य)

पाना हातात घेण्याआधी आवाज मोजायचा. मीटरमध्ये आरपीएमचा काटा नाही, म्हणून क्रँक पुलीवर खडूची रेघ मारली आणि मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. रेघ फिरून त्याच जागी यायला 19 फ्रेम लागल्या, म्हणजे आयडल (उभ्या गाडीत एक्सलरेटर न दाबता इंजिनाची गती) साधारण 750 आरपीएम. त्याच व्हिडिओचा आवाज सावकाश लावून ठोके मोजले : 10 सेकंदांत 62-63. क्रँक तेवढ्या वेळात 125 फेरे मारतो, तेव्हा आवाज अर्ध्या गतीचा.

इथेच बहुतेक जण "अर्ध्या गतीचा, म्हणजे टॅपेट" (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ते क्रँकच्या अर्ध्या गतीने चालतात) असा निकाल देऊन मोकळे होतात. तो अर्धाच बरोबर आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेही दोन फेऱ्यांत एकदाच. त्यामुळे एकच इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) ठोकत असेल किंवा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट एकाच पोर्टला फुंकत असेल, तरी मोजणी हीच येते. मोजणीने फॅन बेल्टच्या बाजूचे गोल फिरणारे भाग यादीतून बाहेर पडतात, एवढाच फायदा.

तरी खात्रीसाठी बेल्ट उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवलं. आवाज तसाच. वॉटर पंप आणि अल्टरनेटर संशयातून सुटले. याहून जास्त वेळ चालवू नका, पाणी फिरत नाही. आणि अशा अवस्थेत गाडी अंगणातसुद्धा हलवू नका : या डिझेल गाड्यांचा ब्रेकचा वॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. बेल्ट नसला की ब्रेक दगडासारखा होतो. कोकणात अंगण संपलं की उतार सुरू होतो, हे वेगळं सांगायला नको.

क्लच दाबून आणि सोडूनही ऐकलं, फरक नाही. म्हणजे रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग नाही.

नोंद 2 : थंड इंजिनाची टकटक

मीटरभर लांबीचा अर्ध्या इंची रबरी पाइप घेतला, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या प्रत्येक पोर्टजवळ फिरवलं. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावण्यापेक्षा या कामाला पाइप बरा. स्क्रूड्रायव्हरने धातूतून येणारे सगळेच ठोके ऐकू येतात, पाइपातून फक्त हवेतला फुसका कळतो. चौथ्या पोर्टवर स्पष्ट फुस-फुस. टॉर्च लावून पाहिलं तर गॅस्केटच्या कडेला काजळीचा पंखा उमटलेला. दहा मिनिटांनी मॅनिफोल्ड तापून फुगला की फट बुजते आणि आवाज जातो. म्हणूनच ही तक्रार फक्त सकाळची होती.

कारण खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचं पाणी. केबिनकडचा शेवटचा स्टड (मॅनिफोल्ड धरणारा आट्यांचा दांडा) गंजून मानेत तुटला होता. उरलेल्या स्टडवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी परत एकदा. नट आधी किंचित आवळून मग सोडायचा, थेट उलटा ओढला की दुसराही तुटतो. तुटलेल्या तुकड्याला वेल्डरकडून नट डागून घेतला. त्या उष्णतेनेच बुंधा ढिला होतो, मग साध्या पान्याने निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी काढल्या. मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी धरून सपाटी पाहिली, ठीक होती. नवे तीन स्टड-नट, नवं गॅस्केट, आवळणी मधून कडेकडे. तापून गार झाल्यावर पुन्हा एकदा आवळलं.

खर्च : गॅस्केट 280, स्टड-नट 120, वेल्डर 200. सकाळची टकटक गेली. चढावरची खटखट जशीच्या तशी.

एकच आवाज समजून ज्यावर निकाल दिला गेला होता, ते मुळात दोन होते. हा टप्पा सोडला असता तर पुढची प्रत्येक चाचणी गोंधळाची झाली असती.

नोंद 3 : खटखटीचा सिलिंडर शोधणे

गरम इंजिन, आयडल, हाय प्रेशर पाइपचा इंजेक्टरकडचा नट 17 च्या पान्याने अर्धा आटा ढिला, वर जाड कापड. एकेक सिलिंडर असा बंद करायचा. 1, 3, 4 ला इंजिन फक्त अडखळतं, खटखट चालूच. 2 ढिला केला की खटखट जवळपास गेली.

धोका : फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं आणि थेट इस्पितळ गाठावं लागतं. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो.

दोन नंबर सापडला, पण दोन नंबरचं काय? इंजेक्टर बंद झाल्यावर कॉनरॉड बेअरिंगवरचा भारही उतरतो, त्यामुळे बेअरिंगची खटखटही अशीच कमी होते. हाफ इंजिनचा सल्ला बहुधा इथूनच आला असावा. हे वेगळं करायला इंजेक्टरची अदलाबदल करावी लागते.

नोंद 4 : 2 आणि 4 ची अदलाबदल

शेजारचा 3 न घेता 4 घेतला, कारण आवाज सरकला तर जागा लांब असल्यामुळे कानाला पटकन कळते. पाइप मात्र आपापल्या जागीच, फक्त इंजेक्टर बदलले.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर हे या कामातलं सगळ्यात फसवं प्रकरण. जुना वॉशर बऱ्याचदा भोकाच्या तळाशी चिकटून राहतो, तो न पाहता वर दुसरा बसवला की नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, धूर आणि स्टार्टिंगचा त्रास सुरू. म्हणून टॉर्चच्या उजेडात आत पाहायचं, जेवढे वॉशर निघाले तेवढेच मोजून बसवायचे, जाडीही तीच. तात्पुरत्या चाचणीला जुने चालतात : गॅसच्या शेगडीवर लालभडक होईपर्यंत धरून पाण्यात टाकायचे. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं आणि परत नीट बसतं. वरचा काळा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने काढला.

पाइपचे नट ढिले ठेवून स्टार्टर मारला, चारही ठिकाणी डिझेल आल्यावर आवळले. खटखट 4 वर गेली. 4 चा नट ढिला केला की बंद.

इंजेक्टरबरोबर आवाज सरकला, म्हणजे कॉनरॉड संशयातून सुटला.

नोंद 5 : तरीही खालची बाजू तपासणे

बेअरिंग झिजलं की ऑइलचा दाब उतरतो, म्हणून ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी साधा गेज बसवला. आटे गाडीगणिक वेगळे, म्हणून जुना स्विच दुकानात नेऊन जुळवून घेतला. गेज बॉनेटखाली बांधून, चिरे भरून निवळी घाट चढला आणि सुरक्षित जागी थांबून वाचलं : आयडलला 16 पीएसआय (दाबाचं माप), 2000 आरपीएमला 40. हजार आरपीएममागे 10 पीएसआय हा जुना ठोकताळा, त्यात व्यवस्थित बसतं. थंड इंजिनावर घेतलेलं रीडिंग उपयोगाचं नाही, घट्ट ऑइल झिजलेलं बेअरिंगही झाकून टाकतं.

जुना ऑइल फिल्टर पत्र्याच्या कातरीने उघडला. हॅकसॉ वापरला तर त्याचाच कीस आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. कागदाच्या घड्या पांढऱ्या ट्रेमध्ये डिझेलने धुतल्या. लोहचुंबकाला थोडी काळी भुकटी लागली, या वयाला साहजिक. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत रुपेरी किंवा तांबूस कण असते तर ऑइल चेंबर उतरवावंच लागलं असतं. तसे नव्हते.

खर्च : गेज आणि अॅडाप्टर 600.

नोंद 6 : नोझल

चारही इंजेक्टर पंपवाल्याकडे टेस्टरवर लावले. तीन बरे. गुन्हेगाराचा दाब उतरलेला, फवाऱ्याऐवजी धार, आणि धार थांबल्यावरही टोकाला थेंब लोंबतोय. डिझेल बारीक न फुटल्याने पेटायला उशीर होतो, तोवर साचलेलं सगळं एकदम पेटतं, तीच खटखट. भार वाढला की डिझेल जास्त, म्हणून चढावर ठोका मोठा.

नोझलची सुई बाहेर काढल्यावर तिच्यावर गंजाचे तपकिरी ठिपके दिसले. पाणी. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेतलं पाणी आत सुटतं आणि फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. इथला तो स्क्रू गंजून जाम होता. सोडवल्यावर आधी पाव पेला गढूळ पाणी आलं, मग डिझेल.

नवं नोझल, शिमने (पातळ चकतीने) दाब बाकीच्या तिघांइतका, डिझेल फिल्टर, चार नवे वॉशर. टेस्टिंग 400, नोझल 650, फिल्टर 240, वॉशर 60. आत्तापर्यंतची एकूण बेरीज 2,550 रुपये.

निवळी घाट परत भरून चढला, खटखट नाही. बेल्ट नवीन लावला नसल्याने पावसाळी सकाळी तो किंचाळतो. पाण्याचा शिडकावा केल्यावर किंचाळणं वाढतं, म्हणजे बेल्ट ढिला आहे. टॅपेटची फट अजून मोजायची आहे, त्याचे आकडे पुढच्या नोंदीत.