पोरगं तरुण आहे, म्हणूनच

खांदा उतरलेल्या पोराला घरी सोडायला गेलो की त्याची आई ठरलेलं बोलते, ‘वय लहान आहे सर, भरून येईल.’ हाड मोडलं असतं तर मीही मान डोलावली असती. खांद्याचं उलटं आहे. वय जितकं कमी, तितका तो पुन्हा उतरायचा धोका जास्त. हे पटवून देता देता चहा गार होतो.

जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या प्लॉटवर मी पहाटे पोलीस भरतीच्या पोरांचा सराव घेतो, संध्याकाळी कबड्डी. पोरं होटगीहून येतात, कुंभारीहून येतात, काही रात्रभर कारखान्यात पाळी करून थेट मैदानावर. खांदा पहिल्यांदा उतरतो तो बहुतेक वेळा पकडीत. चढाईपटूचा हात वर आणि बाहेर गेलेला असतो, तोच कोणीतरी तो मागे ओढतो. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून पुढे सटकतो. शंभरातले पंचाण्णव-एक खांदे असे पुढेच उतरतात.

‘सर, माझाच का बे असा?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचाच नसतो. पहिल्यांदा खांदा उतरणाऱ्यांत विशीतले सगळ्यात जास्त, आणि त्यातही पोरं पोरींपेक्षा कितीतरी पुढे. एडिंबरामध्ये १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांवर पहिल्या वेळेपासून लक्ष ठेवलं होतं. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त जणांचा खांदा पुन्हा दगा देऊन गेला, पाच वर्षांत दोन तृतीयांश जणांचा. चाळिशीनंतर पहिल्यांदा उतरला, तर पुन्हा उतरायची शक्यता बरीच कमी. त्या वयात भीती असते ती स्नायूंच्या दोऱ्या फाटण्याची.

असं का, ते सांध्याची घडण बघितली की कळतं. दंडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, बशीवर मोसंबं ठेवल्यासारखी. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. त्या खोबणीला कूर्चेची एक कड असते, ती गोळ्याला अडवून धरते. तरुणपणी खांदा पुढे उतरला की ही कड खालच्या बाजूनं हाडापासून सुटते, आणि सुटली की बहुधा पुन्हा जागेवर चिकटत नाही. बँकार्ट नावाच्या इंग्रज सर्जननं १९२३ मध्ये या सुटलेल्या कडेवर बोट ठेवलं, म्हणून आजही रिपोर्टवर ‘बँकार्ट’ लिहून येतं. शिवाय बाहेर पडताना गोळा खोबणीच्या काठावर आपटतो आणि त्याला मागून खळगा पडतो. पुढच्या वेळी तो त्याच खळग्यात अडकतो.

मग फार काही करावं लागत नाही. आमचा एकजण सोलापूरच्या गड्डा जत्रेत आकाशपाळण्यात बसून सेल्फी काढत होता, हात वर केला आणि गेला! दुसरा एसटीत वरचा दांडा धरत नाही, सीट मिळेल तेव्हाच चढतो. तिसरा झोपेत हात उशाखाली गेला की दचकून उठतो. अशी पोरं शेवटी स्वतःच खांदा बसवायला शिकतात आणि वर तेच मित्रांना फुशारकीनं दाखवतात. पहिल्या वेळी मात्र मैदानात कुणी ओढायला धावलं, तर मी ओरडतो. आत हाडाचा तुकडा पडलेला असू शकतो, नस ताणलेली असू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतं का, एवढं विचारायचं, हात आहे तसा पोटाशी धरायचा आणि दवाखाना गाठायचा. एक्स-रे आधी, ओढणं नंतर.

गळ्यातल्या पट्ट्यावर घरच्यांचा फार विश्वास. दुखणं उतरेपर्यंत तो हवाच, पण तीन आठवडे बांधला म्हणून खांदा पुन्हा उतरायचा थांबतो असं तरुणांत दिसलेलं नाही. व्यायामानं स्नायू जोर धरतात, मी तो करून घेतोच. पण सुटलेली कड व्यायामानं शिवली जात नाही.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरात शांतता. माझ्या पोरांना सगळ्यात जवळचा आकडा वेस्ट पॉइंट या अमेरिकन लष्करी अकादमीतला आहे, १९९४ चा. पहिल्यांदाच खांदा उतरलेले ३६ खेळाडू कॅडेट. नुसते पट्टा-व्यायामावर ठेवलेल्यांत ८० टक्क्यांचा पुन्हा उतरला, दुर्बिणीतून कड शिवलेल्यांत १४ टक्क्यांचा. माणसं थोडी होती, हे खरं. आणि स्वीडनमध्ये तरुणांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा निम्म्या खांद्यांना पुन्हा त्रास झालाच नाही किंवा फार तर एकदा झाला. म्हणून दुकानात बसणाऱ्या पोराला मी ऑपरेशनचा आग्रह करत नाही. कबड्डी सोडणार नाही, वर्दी घालणारच म्हणतो, त्याला मात्र पहिल्याच वेळी एमआरआय करून हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगतो. खोबणीचा काठ झिजेपर्यंत थांबलं तर नुसतं शिवून भागत नाही, शेजारच्या हाडाचा तुकडा तिथं आणून स्क्रूनं बसवावा लागतो. आणि ऑपरेशननंतर पकडीच्या खेळात उतरायला सहाएक महिने जातात, म्हणजे भरतीचं ते वर्ष गेल्यातच जमा. पोरांना झोंबतं ते हेच.

म्हणून ती लपवतात. मैदानावर नाव घालताना उंची-छातीबरोबर मी खांद्याचंही विचारतो. ‘कधी नाही सर.’ मग हात वर करून चेंडू फेकायच्या पवित्र्यात न्यायला लावतो. ज्याचा उतरून गेलेला असतो तो अर्ध्यातच थांबतो, चेहरा कसनुसा होतो आणि दुसरा हात आपोआप खांद्यावर जातो. त्याच्या हाती मी गोळाफेकीचा ७.२६० किलोचा गोळा देत नाही. बापाचा नंबर मागतो.