नांगराचा दिवा : आमची वाटचाल

मुंबईतल्या माझगावात, दारूखाना भागाच्या वाटेवर आमचा दहा बाय बारा फुटांचा गाळा आहे. वडील तिथे विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे. आता मी आणि माझी बायको तिथेच छोट्या बोटींसाठी नांगराचे दिवे बनवतो, म्हणजे नांगर टाकून उभ्या बोटीवर रात्री लावायचे दिवे.

सुरुवात एका बॅटरीने झाली. वर्सोव्याचे एक नाखवा, म्हणजे होडीचे मालक, ती घेऊन आले. रात्री नांगर टाकून झोपले, डोलकाठीवर 10 वॅटचा बल्ब जळत राहिला आणि पहाटे इंजिन उठेना. 12 व्होल्टवर तो बल्ब बारा तासांत 10 अँपिअर-तास खातो. थकलेली बॅटरी बसायला तेवढं पुरे होतं. म्हणून बरेच जण दिवा विझवूनच झोपायचे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अंधारात उभी असलेली तीस फुटी होडी मोठी बोट हाकणाऱ्या तांडेलाला दिसणार कशी?

मी बल्ब काढून 2 वॅटचा एलईडी घातला. बॅटरी वाचली, पण दिवा फसला. बल्बची तार सगळीकडे उजेड फेकते, एलईडी मात्र समोरच बघतो. माझा एलईडी आभाळाकडे तोंड करून बसला होता. शिवाय जुन्या दिव्याची काच बल्बच्या तारेच्या उंचीला जुळवलेली असते, ती उंची चुकली की उजेड भलतीकडेच जातो. तेव्हा 1972 चे आंतरराष्ट्रीय सागरी नियम वाचायला बसलो. 50 मीटरपेक्षा लहान नौकेला नांगरावर असताना एक पांढरा दिवा चालतो, पण तो चहूबाजूंनी दिसायला हवा, 2 सागरी मैलांवरून, म्हणजे 3.7 किलोमीटरवरून. त्यासाठी उजेडाची तीव्रता 4.3 कँडेला लागते. मग एलईडी उभ्या खांबाभोवती गोल बसवले आणि नवी काच निवडली. फोनवर नकाशा लावून तेवढं अंतर मोजलं आणि अमावस्येच्या आसपास किनाऱ्यावर उभं राहून दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आमची सर्वात मोठी चूक त्यानंतरची. पहिल्या चाळीस दिव्यांत मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातले स्वस्त ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारी सर्किटं, घातले. महिन्याभरात एक तांडेल दिवा हातात घेऊनच गाळ्यावर आले. "दादा, हा लावला की वायरलेस खरखरतो." त्यांच्या बोटीवर गेलो. व्हीएचएफ, म्हणजे त्यांचा वायरलेस, एका शांत चॅनेलवर लावला, खरखर दाबणारं स्क्वेल्चचं बटण आवाज जेमतेम बंद होईल इतकंच फिरवलं आणि दिवा चालू केला. खरखर सुरू. दिवा बंद केला, शांतता. ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, तो गोंगाट रेडिओत शिरत होता. संकटात हाक मारायच्या चॅनेल 16 वर हाकच ऐकू आली नाही तर? चाळीसही दिवे परत मागवले. त्या वर्षीचा नफा त्यात गेला. आता साधा लिनियर रेग्युलेटर वापरतो, तो असा चालू-बंद न होता वीज बेतात ठेवतो. थोडी वीज उष्णतेत जाते, पण रेडिओ शांत राहतो.

विक्रीत वेगळीच अडचण होती. कोळीवाड्यांत 'एलईडी' म्हटलं की माणसं तोंड फिरवत. त्यांचं बरोबरच होतं. जनरेटर लावून प्रखर झोतात मासे गोळा करणाऱ्या बोटींनी पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यातला घास पळवला. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये त्या मासेमारीवर बंदी आणली, तरी ती जखम ओलीच होती. एका नाखवीणबाईंनी मला दारातूनच सांगितलं, "एलईडीवाल्यांना इथे थारा नाही." मी दिवा त्यांच्या हातावर ठेवला आणि छोट्या बॅटरीवर पेटवला. दोन वॅट, तळहातावर मावणारा. त्यांनी पदराने काच पुसली आणि विचारलं, "एवढ्यावर भागतं?" त्यांच्या दोन होड्यांवर आज आमचेच दिवे आहेत.

खाऱ्या हवेशी मात्र रोजचंच भांडण. साधी तार आतून काळी पडते, म्हणून कलई केलेलीच तांब्याची तार घेतो. तयार दिवा रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत पेटता ठेवतो. सकाळी काचेत ओल दिसली की तो बाजूला. शेवटची नजर बायकोची असते. तिने "नको" म्हटलेला दिवा गाळ्याबाहेर जात नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ते दोन महिने आम्ही कोळीवाड्यांत फिरतो, जुने दिवे उघडतो, रबरी सील बदलतो, त्याचे पैसे घेत नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे दिवे परत डोलकाठीवर चढलेले असतात. खोक्यावर आता मोठ्या अक्षरात 'नांगराचा दिवा' असंच छापतो.