सुकटीचा वास आणि खिडकी कोणी लावायची

रविवारी साडेअकराला आमच्या किचनच्या डक्टपाशी उभं राहिलं की कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते सांगता येतं. परवा खालच्या मावशींनी सुकट भाजायला घेतली आणि दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, 'कृपया खिडक्या लावून घ्याव्यात'. आता लावायच्या कोणी, भाजणाऱ्याने की नाक मुरडणाऱ्याने, ते काही लिहिलं नव्हतं!

कॉलेजात एक्सटर्नॅलिटी शिकवताना सरांनी कारखान्याच्या धुराचं उदाहरण दिलेलं. काम एकाचं, फायदा-तोटा भलत्याच्याच पदरात, आणि मध्ये पैशाचा व्यवहार शून्य. फायदा पण असतो हां, विलेपार्ल्याची बिस्किटाची फॅक्टरी आठवा, लोकलमध्ये डुलक्या काढणाऱ्यालाही वासावरून स्टेशन कळायचं, तेही फुकट. २०१६ ला ती बंद झाली आणि पार्ल्याचा तो वास गेला, त्याची नुकसानभरपाई कोणाकडे मागणार?

पिगू नावाचा अर्थशास्त्रज्ञ म्हणायचा तोटा करणाऱ्यावर टॅक्स लावा. मला दुसरा अर्थशास्त्रज्ञ, रोनाल्ड कोस, जास्त पटतो. त्याने १९६० मध्ये लंडनची एक जुनी केस घेतली, निकाल १८७९ चा. एक मिठाईवाला वर्षानुवर्षं खलात कुटत होता, शेजारच्या डॉक्टरने नंतर त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाचा त्रास होतो म्हणून कोर्टात गेला, आणि जिंकला! कोसचं म्हणणं, त्रास एकट्या मिठाईवाल्याने दिलेला नाही, खोली तिथे नसती तर त्रास कुठला, म्हणजे तो दोघांचा मिळून झाला; हक्क कोणाचा ते एकदा ठरलं आणि बोलणी करणं सोपं असलं की दोघं देवाणघेवाण करून मिटवतील.

आमच्याकडे मिठाईवाला म्हणजे मावशी, जुन्या चाळीतल्या. मेसेजवाले रिडेव्हलपमेंटनंतर आलेले. आणि गंमत बघा, मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या भाजतात तेव्हा अख्खा मजला ठसकतो, डोळ्यातून पाणी, पण ग्रुपवर चकार शब्द नाही, कारण मिरच्या सगळ्यांकडेच भाजतात. मग नियम वासाला आहे की माशाला?

चाळीत याची सेटिंग होती, वास जिथे जाईल तिथे वाटी पण जायची. कोसला नोबेल मिळालं १९९१ ला, आमच्या आजीला काही नाही.

मी ग्रुपवर बोललो नाही. खाली जाऊन मावशींकडून वाटी घेऊन आलो. कच्चा कांदा मस्त होता, मीठ जरा जास्त पडलेलं.