वेडेल-यार्ल्सबर्ग: तिसऱ्या कागदावरचं चाक

चाक जमलं एकदाचं! सोनेरी ढालीवर एक काळं दातेरी चाक, एवढंच नॉर्वेतल्या वेडेल-यार्ल्सबर्ग या सरदार घराण्याचं मूळ कुलचिन्ह. सिंह नाही, गरुड नाही. इतकं साधं दिसतंय म्हणून मी दोन आठवडे धरले होते. लागले सात.

पहिल्या कागदावर 12 दाते काढले, तर चाकाचं फूल झालं. कुलचिन्हाचं वर्णन शब्दांत असतं आणि शब्दांत जे बांधलेलं नाही ते चित्रकाराच्या हातात असतं, म्हणून दुसऱ्या वेळी 16 घेतले. वर्तुळ निम्मं करत गेलं की 2, 4, 8, 16 असे भाग आपोआप पडतात, कोनमापक लागत नाही. दाते मात्र करवतीसारखे टोकदारच हवेत. चौकोनी केले की यंत्राचा सुटा भाग वाटतो.

दुसरा कागद रंगाने खाल्ला. चमकणाऱ्या सोनेरी गुआशवर (हा दाट, अपारदर्शक जलरंग) काळी शाई पसरेना, थेंब धरून बसली. मग आठवलं की कुलचिन्हांच्या शास्त्रात सोनं आणि पिवळा एकच मानतात. तिसऱ्या कागदावर साधा पिवळा वापरला आणि चाकाची जागा कोरी सोडून भोवतीने रंग भरला. काळा शेवटी, थेट कागदावर. कडा आता सुरीने कापल्यासारख्या दिसतात.

हेच घराणं का, असं काहींनी विचारलं होतं. डेन्मार्कच्या राजांच्या अमलात नॉर्वेमध्ये काउंटच्या जहागिरी दोनच झाल्या: 1671 मध्ये लार्विक आणि 1673 मध्ये ग्रिफेनफेल्ड. (1678 ची रोसेंडाल ही एकुलती एक बॅरनची जहागीर, तिच्यावर पुढे केव्हातरी.) यातली दुसरी पुढे वेडेलांकडे आली. तिचा पहिला मालक ग्रिफेनफेल्ड म्हणजे मूळचा पेडर शूमाकर, कोपनहेगनच्या दारू व्यापाऱ्याचा मुलगा. बुद्धीच्या जोरावर राज्याचा कारभारी झाला, नवं नाव मिळालं, जहागीर मिळाली. तीन वर्षांत सगळं गेलं. 1676 मध्ये देहदंडाची शिक्षा झाली. वधस्तंभापाशी जल्लादाने आधी त्याचं कुलचिन्ह फोडलं आणि तो मान खाली घालून बसल्यावर अगदी शेवटच्या क्षणी राजाची माफी आली. त्यानंतर बरीच वर्षं तो ट्रोनहाइमजवळच्या मुंकहोल्मेन बेटावर कैदेत होता. मी हे वाचलं त्या दिवशी ब्रश हातात घेतलाच नाही. आपण जी ढाल चार-चार दिवस खपून रंगवतो ती कधीकाळी माणसाच्या डोळ्यांदेखत फोडण्याइतकी जिवंत गोष्ट होती.

ती जहागीर मग आधीचा राजा तिसरा फ्रेडरिक याचा अनौरस मुलगा उल्रिक फ्रेडरिक ग्युल्डेनल्योव्ह याच्याकडे आली आणि तिचं नाव ट्योन्सबर्ग झालं. 1683 मध्ये त्याने ती नॉर्वेतल्या सैन्याचा सेनापती गुस्ताव विल्हेल्म फॉन वेडेल याला विकली आणि पुढच्या वर्षी तिसरं नाव पडलं: यार्ल्सबर्ग. दहा-अकरा वर्षांत एकाच जमिनीची तीन नावं! चाक मात्र वेडेलांनी सोबत आणलं. हे घराणं मूळचं जर्मन भूमीतलं, 1212 पासून कागदोपत्री दिसतं. (दुकानात मिळणारं यार्ल्सबर्ग चीज 1956 मधलं. त्याला या भागाचं नाव आहे, चाकाशी त्याचा संबंध नाही.)

घराण्यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस हर्मान वेडेल-यार्ल्सबर्ग, 1779 ते 1840. 1814 मध्ये आइड्सवॉल गावी नॉर्वेचं संविधान लिहायला जमलेल्या 112 जणांत तो होता आणि स्वीडनशी संघ करावा म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता. त्याच संविधानाने नव्या जहागिरी देणं बंद केलं. पुढे संसदेने सरदारकी संपवणारा कायदा 1815 आणि 1818 मध्ये मंजूर केला, राजाने दोन्ही वेळा अडवला, आणि 1821 मध्ये तिसऱ्या वेळी स्वीडन-नॉर्वेचा राजा कार्ल योहान याला मान तुकवावी लागली. हयात असलेल्यांना आणि आधी जन्मलेल्या औरस मुलांना पदव्या तहहयात राहिल्या, पुढच्या पिढीला नाहीत. हर्मान तेव्हा अर्थमंत्री होता. त्याच सुमारास त्याच्यावर महाभियोगही चालला आणि तो निर्दोष सुटला. 1836 मध्ये तो स्टॅटहोल्डर, म्हणजे राजाचा नॉर्वेतला प्रतिनिधी झाला. त्या पदावर बसलेला तो पहिला नॉर्वेजियन. ट्योन्सबर्गजवळचा यार्ल्सबर्गचा वाडा आजही घराण्याकडेच आहे.

आता पुढचं काम. हीच ढाल दोन सेंटिमीटर उंचीत, रंगाशिवाय, पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी हवी आहे. पेत्रा सांक्ताच्या पद्धतीत, म्हणजे रंगांऐवजी ठिपके आणि रेघा वापरायच्या रीतीत, सोन्याला ठिपके आणि काळ्याला आडव्या-उभ्या रेघांची जाळी. ठिपके छान आलेत, पण या मापात दात्यांच्या टोकांशी जाळीचा नुसता डाग होतोय. तिथे जाळी सोडून चाक सरळ काळं भरावं, असं माझं मन सांगतंय. जुन्या कोरीवकामात कुणी असं केलेलं पाहिलं असेल तर जरूर कळवा, तोवर मी ढालीच्या वरचं शिरस्त्राण आखायला घेतो.