पासेओ, नोंद ७ : नीळ जास्त झालेला झगा

सोरोयाच्या 'पासेओ' (फेरफटका) या चित्राची मी नक्कल करत आहे, आणि मागील नोंदीत त्यातल्या क्लोतिल्देचा झगा आठवडाभरात पुरा होईल, असे मी ठामपणे लिहिले होते. तो झगा काल रात्री मी तिसऱ्यांदा पॅलेट नाइफने खरवडून काढला. तरीही ही नोंद मी समाधानाने लिहीत आहे, कारण तो का बिघडत होता हे आता उमगले आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, स्पॅनिश चित्रकार होआकीन सोरोयाने १९०९च्या उन्हाळ्यात वालेन्सियाच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या 'पासेओ'ची ही नक्कल आहे. मूळ चित्र २०५ × २०० सेंमी असून माद्रिदमधील त्याच्याच घरात, आताच्या सोरोया संग्रहालयाच्या संग्रहात आहे. माझा कॅनव्हास लांबीरुंदीने त्याच्या पाव आहे. सोरोयाची पत्नी क्लोतिल्दे आणि थोरली मुलगी मारिया पांढऱ्या झग्यांत समुद्रकाठाने चालल्या आहेत, आणि क्षितिजाची रेषा चित्रात कुठेच नसल्यामुळे उजेडाचा सारा भार त्या दोन झग्यांवर येऊन पडतो.

माझ्या झग्याची सावली दर वेळी धोब्याने नीळ जास्त घातलेल्या धोतरासारखी दिसत होती. पहिला दोष ट्यूबचा निघाला. मी ज्याला कोबाल्ट ब्लू समजत होतो, त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत 'ह्यू' (म्हणजे मूळ रंगासारखी दिसणारी स्वस्त नक्कल) छापलेले होते आणि आत थॅलो ब्लू हा अतिशय तीव्र निळा रंग व पांढऱ्याचे मिश्रण होते. थॅलो कणभर घेतला तरी सगळे मिश्रण गिळून टाकतो. शिवाय तो बाजारात आला १९३०च्या दशकात, म्हणजे १९२३ साली वारलेल्या सोरोयाच्या पॅलेटवर तो असणे शक्यच नव्हते. टायटॅनियम व्हाइटही १९०९मध्ये चित्रकारांच्या हाती आलेला नव्हता. सोरोयाचा लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा, उबदार आणि सौम्य असे, तर आपला टायटॅनियम प्रत्येक छटेवर चुना फासतो. विषारी लेड मी घरात आणणार नाही, म्हणून टायटॅनियममध्ये यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) अगदी बारीक अंश मिसळतो. 'ह्यू' लिहिलेल्या स्वस्त ट्यूबा मात्र यापुढे घेणार नाही. पैसे वाचतात, पण चित्र जाते.

खरा कोबाल्ट (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीबी २८) आणूनही सावली मेलेलीच राहिली, तेव्हा करड्या पुठ्ठ्याला भोक पाडून छापील प्रतीतला एकेक तुकडा मी वेगळा पाहिला. काळा ० आणि पांढरा १० धरल्यास सोरोयाची सावली माझ्या मोजणीत ७च्या आसपास भरली, आणि मी ती ५वर रंगवत होतो. पांढऱ्या कापडाची सावली गडद असते हा मनाचा समज डोळ्यांना पाहूच देत नव्हता.

उरलेली चूक मात्र थेट भूगोलाची होती. प्रत्यक्ष पाहावे म्हणून मांजरपाटाचा पांढरा घोळदार झगा शिवून तो मी गुहागरच्या किनाऱ्यावर काठीला अडकवला आणि दोन संध्याकाळी त्याच्यासमोर बसलो. सूर्य समुद्राकडे होता, त्यामुळे उजेड कापडातून आरपार येत होता आणि माझ्याकडची बाजू सपाट करडी राहत होती. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला! वालेन्सिया स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथे समुद्राकडे तोंड केले की उतरते ऊन पाठीमागून, जमिनीच्या बाजूने येते. आपल्याकडे ही रचना सकाळी मिळते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन माडांच्या शेंड्यांवरून किनाऱ्यावर उतरले आणि तोच झगा बदलून गेला. ज्या चुण्या आभाळाकडे वळल्या होत्या त्यांत निळसर जांभळा रंग उतरला, ज्या वाळूकडे झुकल्या होत्या त्या उबदार झाल्या, आणि सावली म्हणजे एक रंग नसून वरून आभाळाने व खालून वाळूने वाटून घेतलेली जागा आहे, हे प्रथमच दिसले.

तिथली वाळू करडी असल्यामुळे खालचा परावर्तित प्रकाश फिका येत होता, म्हणून झग्याखाली एक जुनी पिवळट चादर अंथरली. घेराच्या कडेला लगेच जर्दाळूसारखी झाक चढली. त्या अर्ध्या तासात केलेला पोस्टकार्डाएवढा अभ्यास (सरावाचे छोटे चित्र) हे या सात नोंदींमधले माझे सर्वांत चांगले काम आहे, असे मी निःसंकोच म्हणतो. त्यात वाऱ्याने उडालेले वाळूचे कण चिकटले आहेत; सोरोयाच्याही काही किनारचित्रांत असे कण सापडले असल्याने मी ते काढणार नाही.

पुढे क्लोतिल्देच्या वाऱ्यावर उडणाऱ्या जाळीदार पडद्याकडे वळायचे ठरवले होते, परंतु हे लिहिता लिहिता लक्षात आले की दोष चित्राच्या जमिनीतही, म्हणजे कॅनव्हासवरच्या पहिल्या थरातही (ग्राउंड) आहे. करड्या ग्राउंडवर उबदार प्रतिबिंब बसवताना प्रत्येक वेळी रंगाचे जाड थर द्यावे लागतात आणि त्यातच चुण्यांचा ताजेपणा जातो. त्यामुळे पडदा बाजूला ठेवून खरवडलेल्या भागावर आधी ऑकरचा पातळ हात देणार आहे, आणि तो वाळला की त्या छोट्या अभ्यासावरून झगा एकाच बैठकीत, ओल्यावर ओला रंगवणार आहे. मारियाचा झगा जुन्या पद्धतीने पूर्ण झाला होता. तो शेजारी ठेवून पाहिला, तर त्यालाही नीळच लागली आहे. पॅलेट नाइफ अजून धुतलेला नाही, हे बरेच झाले.