२२ इंची मॉनिटर, नोंद ५: ट्यूब निर्दोष सुटल्या

मंडळी, काल रात्री सलग दोन तास चाळीस मिनिटं काउंटर-स्ट्राइक खेळलो आणि स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. मार्चपासून हे पहिल्यांदा घडलं, म्हणून सकाळी चहाच्या आधी ही नोंद लिहायला बसलोय.

मागच्या नोंदीत पॉवर बोर्डावरचे (मॉनिटरच्या आतल्या भागांना वीज देणाऱ्या पट्टीवरचे) फुगलेले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बदलले होते. तेव्हा वाटलं, सुटलो. आठवड्याभरात पुन्हा तेच. दिवसभर बिलं, मेल, व्हिडिओ सगळं सुरळीत आणि गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत अंधार, आवाज मात्र चालू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा संशय ग्राफिक्स कार्डावर होता, माझाही. रिफ्रेश रेट ७५ वरून ६० केला, डीव्हीआय केबल बदलली, मावसभावाचं कार्ड आणून लावलं. फरक शून्य. शेवटी काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारला तर चित्र मागे चालूच होतं! पॅनेल ठीक, कार्ड ठीक, जातोय फक्त बॅकलाईट, म्हणजे पडद्यामागचा उजेड. कोणाचाही मॉनिटर असा काळा झाला तर सगळ्यात आधी टॉर्च मारा.

पण मग गेममध्येच का? यावर माझे चार दिवस गेले. उत्तर मॉनिटरच्या मेनूत सापडलं. एरवी मी ब्राइटनेस ३० वर ठेवतो. खेळताना ‘गेम’ मोड लावतो आणि तो मोड ब्राइटनेस गुपचूप १०० वर नेतो. गेम बंद ठेवून, पांढरं कोरं पान उघडून ब्राइटनेस १०० केला. बाराव्या मिनिटाला अंधार. म्हणजे खेळाचा संबंधच नाही, मॉनिटरच्या आतल्या इन्व्हर्टरवर (बॅकलाईटच्या ट्यूबांना जास्त व्होल्टची वीज देणारा भाग) भार वाढला की तो दम सोडतो.

इन्व्हर्टरला जाणारी १६ व्होल्टची लाईन मीटरवर १५.८ ला स्थिर होती, म्हणजे नवे कॅपॅसिटर चोख. (हे १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले आहेत, शेजाऱ्यांकरवी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणवलेले. इथल्या दुकानात ८५ डिग्रीवाले ‘तेच आहेत, चालतील’ म्हणून दिले होते. चालत नाहीत, घेऊ नका.) मग संशय ट्यूबांवर. अंधार व्हायच्या आधी पडद्याची खालची कड थरथरायची. सोळा वर्षांच्या सीसीएफएल (जुन्या मॉनिटरच्या बॅकलाईटमधल्या बारीक ट्यूबलाईटसारख्या) ट्यूब, थकल्या असणार, असं धरून मी त्यांच्या जागी लावायच्या एलईडी पट्टीचं किट कार्टमध्येही टाकलं होतं.

ऑर्डर करण्याआधी एकच चाचणी केली. वरच्या आणि खालच्या ट्यूबचे कनेक्टर बोर्डावर अदलाबदल केले. वायरी जेमतेम पोचल्या. ब्राइटनेस १००, घड्याळ लावलं. अकरा मिनिटांनी थरथर सुरू झाली ती वरच्या कडेला! ट्यूब बदलली तरी दोष बोर्डाच्या त्याच टोकाला राहिला, म्हणजे बिघाड ट्यूबमध्ये नाही, बोर्डात.

मग खोलीत पूर्ण काळोख करून, मागचं कव्हर उघडं ठेवून लांबून बघत बसलो. एका ट्रान्सफॉर्मरच्या पायापाशी मोहरीएवढा जांभळा ठिपका दिसला आणि बारीक चरचर ऐकू आली. या भागात ट्यूब चालताना सहाशे-सातशे व्होल्ट असतात, पेटताना त्याहून जास्त, आणि शेजारच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. तो कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

भिंगाखाली पायाभोवती केसाएवढी गोल चीर होती, अस्सल ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत चाललेला जोड. ट्रान्सफॉर्मर तापला की पाय हलतो, चीर उघडते, ठिणगी पडते, त्या ट्यूबचा करंट डळमळतो आणि कंट्रोलर चारही ट्यूब बंद करतो. त्यात भोवती हिरवट कळंक आणि चिकट थर. आमचं घर रत्नागिरीत, पांढऱ्या समुद्राच्या बाजूला. पावसाळ्यात खारा वारा थेट टेबलावर येतो आणि मॉनिटरच्या जाळीतून आत शिरतो.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने धुतलं, जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) उचललं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावून चारही पाय नव्याने भरले. माझी २५ वॅटची सोल्ड्रॉन कंपनीची सोल्डरिंग आयर्न इथे पुन्हा खरी उतरली. महागडं सोल्डरिंग स्टेशन हवंच असं मला अजूनही वाटत नाही.

एलईडी किट कार्टमधून काढलं. सीसीएफएलचा तो उबदार पांढरा रंग मला मनापासून आवडतो, ट्यूब आहेत तोवर त्याच ठेवणार.

लिहिता लिहिता एक सुचलं. मिरकरवाड्यात मासेमारी होड्यांचे फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे शोधणारी यंत्रं) दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते प्रत्येक बोर्डावर ओल आणि मीठ आत येऊ न देणारं पारदर्शक पीसीबी लॅकर (सर्किट बोर्डाचं वार्निश) मारतात. मॉनिटरला का नको? आत्ताच त्यांना फोन केला. म्हणाले, “आधी मीठ पूर्ण धू आणि खडखडीत सुकव, नायतर मीठच आत कोंडशील. आणि कनेक्टरांवर टेप लाव.” ऊन तर जुलैत मिळणार नाही, म्हणून बोर्ड पुन्हा काढून, धुऊन, पत्र्याच्या डब्यात साठ वॅटच्या बल्बजवळ ठेवतोय. म्हणजे आज रात्रीचा खेळ रद्द. लॅकरचा पहिला हात परवा. तोवर कोणी हाय व्होल्टेज भागावर लॅकर मारलं असेल तर किती पातळ थर दिलात तेवढं कळवा.